सतरा केबेरिचो

तिकिम्त ४

सतरा! अख्खी टेकडी पालथी घातली, सतराच. गेल्या वर्षी एकसष्ट होती. बाकी सगळीकडे नुसते खड्डे. मूळ उकरलं की झाड संपलं. बाळंतिणीला या मुळाची धुरी हवी, घरात आजार शिरला की धुरी हवी. प्रत्येक धुरीमागे एक झाड. सूर्यफुलाच्या कुळात एवढी भावंडं, पण हे केबेरिचो आमच्या देशाबाहेर कुठेच उगवत नाही.

आठव्या महिन्याचं पोट घेऊन रांगत मोजलं. प्रत्येक झाडाला लाल लोकर आणि नंबराची पत्र्याची पट्टी बांधली. फुलाचे काटेरी गोंडे अजून हिरवे आहेत. बी धरायला दोन महिने तरी लागतील.

तिकिम्त ५

सर फोनवर म्हणाले, "बी हाती आलं तर रोपं होतील. नाहीतर तुझा प्रबंध म्हणजे मृत्युलेख समज." बोलणं कडू, पण खरं!

टेकडीखाली राहणारे आब्बा मिल्की राखण करायला तयार झाले. सत्तरीचे असतील, पण नजर घारीची. बी, रोपवाटिका, संशोधन — हे सगळं मी समजावत बसले असते तर दुपार गेली असती. पाय सुजले होते. म्हटलं, "आब्बा, लाल लोकरीची झाडं माझी. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "कधी?"

"पुढच्या महिन्यात, हिदारच्या अखेरीला."

"सतरा म्हणजे पुष्कळ झाली," म्हणाले आणि खुशीत हसले. किती भला माणूस!

तिकिम्त २३

आब्बांचा निरोप — दोघा मूळ खणणाऱ्यांना काठी घेऊन पिटाळलं. सतराही उभी.

हिदार २

जिम्म्याला आईकडे आले. डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केलाय. आई रोज बाजार धुंडाळते. आज एक मूळ मिळालं, तेही कुजकं. "त्या झाडाची पंडितीण म्हणवतेस, आणि तुझ्याच बाळंतपणाला धुरी नाही!" म्हणाली.

मी म्हटलं, "नको धुरी. दुसऱ्यांना सांगायचं आणि आपण जाळायचं?"

दिवसभर बोलली नाही माझ्याशी.

हिदार ९

झोप नाही. पाठ धरली आहे. बाळापेक्षा गोंड्यांचाच विचार जास्त येतो. लाज वाटते, पण येतो.

हिदार १५

मुलगी! काल पहाटे. दोन आठवडे आधीच आली, पण ठणठणीत. आईने लोणी घालून बार्लीची लापशी भरवली. सगळा अबोला विसरली! टेकडीकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर आब्बांना निरोप धाडला — मुलगी झाली, झाडांकडे लक्ष असू द्या.

हिदार १९

दुपारी जाग आली ती वासाने. कडसर, गोडसर, ओळखीचा. खोलीत निळा धूर, शेगडीवर मूळ. आई खुशीत शेगडी फुंकत होती. दारात आब्बा मिल्की, धुळीने माखलेले. निरोप मिळाला तसे निघाले होते, दोन दिवस पायी. शेजारी गोणपाटाचं गाठोडं.

"किती घाबरलो होतो, पोरी," म्हणाले. "त्या चोरांनी आधी नेली असती तर तुला काय तोंड दाखवलं असतं? पण तू खुणा बांधून ठेवल्या होत्यास. एकही सुटलं नाही."

गोंड्यांचं काय केलं, विचारलं. हिरवे होते, बकऱ्यांना घातले, म्हणाले.

ओरडावंसं वाटलं. कुणावर? पट्ट्या त्यांनी जपून सोडवून आणल्या होत्या. माझ्या हातात दिल्या, लाल लोकरीसकट. मी मोजल्या. सतरा.

आईला म्हटलं, आब्बांना कॉफी कर.