एझराच्या मुलाला माती द्यावी

लिहून ठेवणार: शिवम्मा सिद्धराम हुक्केरे, वय ७४, राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो सूनबाईने एकदा वाचावा. कोणाचा दाब नाही, धाक नाही, चहा पिऊन खुशीने लिहिते. तिसरीत शाळा सुटली, तेव्हा ओळ वाकडी गेली तर कोर्टाने सांभाळून घ्यावे.

१. राहते घर मुलगा अमरेश यास. पण आधी कलम ४ पुरे करावे, मग घराला नाव लावावे.

२. पाटल्या आणि शिलाई मशीन नात भूमिका हिला. पाटल्या मोडू नयेत, मशीनला तेल घालत जावे.

३. माझे पितळी तपेले थोरल्या जाऊबाई आक्का यांच्याकडे आहे. बारशाला म्हणून नेले. त्या बारशाचे पोर आता स्वतः बाप झाले. ते त्यांनाच राहू दे, पण मी दिले असे कोणी म्हणू नये.

४. पत्र्याची ट्रंक. हे जरा लांबेल.

मागल्या खोलीत सिपोराबाई झिराडकर भाड्याने राहायच्या. नर्स होत्या. बेने इस्रायल, म्हणजे आपल्यासारखेच मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. १९९२ साली लेकीकडे इस्रायलला निघाल्या, तेव्हा ही ट्रंक माझ्यापुढे ठेवली.

"शिवम्मा, आजोबांची धर्माची पुस्तकं हायत, हिब्रूतली. सांभाळ."

"मला वाचता येत न्हाई की."

"मला तरी कुठं येतंय? पण फाटली तर रद्दीत घालायची न्हाईत, नदीत सोडायची न्हाईत. माणसासारखी पुरायची."

मला वाटले थट्टा करतात. त्या परत आल्याच नाहीत, तिकडेच वारल्या. मी आपली दर दसऱ्याला ट्रंक उघडून वरच्या पुस्तकाला हळद-कुंकू वाहत राहिले.

२००१ साली सिपोराबाईंच्या लेकीच्या सांगण्यावरून मुंबईहून रेऊबेनभाऊ ट्रंक बघायला आले. त्यांच्यात प्रार्थना चालवतात, वयाने माझ्याएवढेच. कुंकू बघून म्हणाले, "बाई, हे शेवटचं पान. आमचं पुस्तक उजवीकडून सुरू होतं."

"म्हणजे इतकी वर्षं मी पाठीलाच कुंकू लावलं म्हणा."

भाऊ हसता हसता खालीच बसले. मग त्यांनी एक पान उघडून दाखवले. मध्ये थोरली अक्षरे, भोवती बारीक, त्याच्या कडेला आणखी बारीक. मधले एका रब्बींचे. रब्बी म्हणजे त्यांचे गुरुजी. भोवतीचे रब्बी त्याचा अर्थ सांगतात, आणि कडेचे म्हणतात, अर्थ चुकला.

"भांडत्यात व्हय?"

"शेकडो वर्षं. एकमेकांना पाहिलेलंही नाही."

एवढे वाद एकाच पानावर, आणि कोणी कोणाला पानाबाहेर काढले नाही. इथे अमरेश एका भिंतीपायी चुलत भावाशी बोलत नाही. ते पान मी बघत बसले ते बसलेच. तव्यावर भाकरी करपली, त्याचे काही वाटले नाही.

तळाच्या पुस्तकाचे पहिले पान वाळवीने खाल्ले होते. भाऊंनी चष्मा पुसून वाचले. "लिहिणाऱ्याचं नाव गेलं. एवढंच राहिलंय, एझराचा मुलगा." कुठला, कधीचा, कोणाला माहीत नाही. एवढे थोर लिहून गेला आणि मागे फक्त बापाचे नाव.

धड पुस्तके भाऊंनी वाचणाऱ्यांकडे नेली. फाटकीही नेऊन पुरतो म्हणाले, जाणत्या माणसाच्या शेजारी पुरायची रीत आहे. मी म्हटले, "मी जाणती न्हाई. पण आम्हा लिंगायतांतबी माती देत्यात, बसवून. माझ्या शेजारी जागा हाय. चालंल?"

भाऊंनी फाटकी पुस्तके परत ट्रंकेत रचली. मग म्हणाले, "तुम्ही राखलीत. चालेल."

गेल्या महिन्यात अमरेशने एक पावणा आणला. तो फाटकी पुस्तके विकत घेऊन, पाने सुटी करून, काचेत घालून हॉटेलात टांगणार. अमरेश म्हणतो, "आई, मातीत घालून कुणाचं भलं हुतंय?" पण एझराच्या मुलाने हे भिंतीसाठी लिहिले नाही, एवढे मला कळते.

तरी कोडोलीच्या शेतात, यजमानांच्या समाधीशेजारी मला बसवाल, तिथे बाजूला दुसरा खड्डा काढावा. पुस्तके धुतलेल्या पांढऱ्या कापडात बांधावीत. कुंकू नको, नारळ नको. रेऊबेनभाऊंना फोन करावा. आले तर त्यांचे म्हणायचे ते म्हणतील. नाही आले तर भूमिकेने मोठ्याने "एझराचा मुलगा" एवढेच म्हणावे आणि माती लोटावी. मग मला. वयाने ते थोरले, त्यांचा मान आधी.

वरील सगळे मी वाचले आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

सही: शिवम्मा सिद्धराम हुक्केरे

साक्षीदार:
१. जोतीराम गुंडू चौगले
२. मेहरुन्निसा मीरासाब मुजावर

कोल्हापूर, १८ फेब्रुवारी २००३

ज्याला घर मिळते त्याची साक्ष चालत नाही असे वकील म्हणाले, म्हणून अमरेशने खाली निराळे लिहिले आहे:

कलम ४ आईने वाचून दाखवले. पटले नाही. खड्डा मी स्वतः काढीन. अमरेश.