तेवढीच टिकली, आग जास्त

प्रिय सई,

आधी आनंदाची बातमी! परवा नेमबाजीच्या रेंजवर तुझ्या या वीणाकाकूने पाचही गोळ्या कागदावर मारल्या, एक तर चक्क मधल्या काळ्या गोलात. तुझे बाबा कानांवर ते भलेमोठे मफ चढवून मागे उभे होते आणि टाळ्या अशा वाजवत होते, की आता ऑलिंपिकच बाकी!

तू वेस्ट विंडसरला नोकरीला गेलीस आणि इथं प्लेनोच्या गॅरेजमधलं, रिकामी काडतुसं पुन्हा भरायचं तुझं रीलोडिंगचं टेबल ओकंबोकं झालं. बाबांशी लग्न करून मी या घरात आले, तेव्हापासून तू माझ्याशी मोकळं बोलायचीस ती तिथंच. म्हणून तू शिकवलंस तशा गोळ्या भरायला मीच बसले. पण तुझे नेहमीचे प्रायमर दुकानात संपलेले. शेजारी मॅग्नम प्रायमर होते. काडतुसाच्या कवचाच्या बुडाशी बसणारी, आतली पावडर, म्हणजे दारू, पेटवणारी टिकलीच ना ती? साइझ तीच, बसतेही घट्ट. इनो नसला की ढोकळ्यात सोडा घालणारी बाई मी, आणले उचलून!

तुला स्पीकरवर फोन केला तो कौतुक करून घ्यायला. प्रायमर बदललेत, आता नेहमीच्या मापाने पावडर ओततेय, असं म्हणायचा अवकाश, तू अशी किंचाळलीस की बाबांचा चहा सांडला. मग शांतपणे समजावलंस: टिकली तेवढीच, पण आग जास्त. जुन्या मापाला दाब वाढतो, पिस्तूल हातात फुटू शकतं. प्रायमर बदलला की मॅन्युअल उघडायचं, सगळ्यात कमी मापापासून सुरुवात करायची आणि बघत बघत वर जायचं. मी अगदी तसंच केलं. म्हणून तर परवाची मजा!

मीही या घरात मागाहूनच आले गं. प्रीताचा, तुझ्या आईचा, फोटो हॉलमध्ये आहे तिथंच मला आवडतो. तू मला काकू म्हणालीस, घाई केली नाहीस, बरंच केलंस. पण मनातून मी वाट बघत होते, नाही कशाला म्हणू?

त्या दिवशी तू किंचाळलीस ती ‘आई, थांब!’ अशी. तुझ्या लक्षातही आलं नसेल. बाबांच्या आलं, चहा म्हणूनच सांडला. पत्र लिहितेय ते एवढ्याचसाठी: घाबरून तोंडातून निसटलं असेल, तर सॉरी म्हणून परत घेऊ नकोस. आणि निसटलं नसेल, तर दिवाळीला आलीस की दारातूनच एकदा तशी हाक मार. मी गॅरेजमध्ये असले तरी ऐकेन.

तुझीच,
(पुढचं तू लिही)