रुमाल टाकलेली जागा

झाडगाव, रत्नागिरी
मे महिन्यातला दुसरा मंगळवार, १९८७

प्रिय प्रभाताई,

बेळगावच्या शाळेला जाताना मिरजेहून गाडी सुटली की खिडकीशी तू बसायचीस, कारण तू दोन वर्षांनी मोठी आणि मावशीनं मला तुझ्या हवाली केलेलं. इंजिनाच्या कोळशाचा कण तुझ्या डोळ्यात गेला नाही अशी एक खेप मला आठवत नाही. मग मी रुमालाच्या टोकाला पीळ देऊन तो काढायची, तू "कण काढतेस की डोळा?" म्हणून डब्याला ऐकू जाईल असं ओरडायचीस, आणि एक डोळा लालभडक करून पुन्हा त्याच खिडकीत बसायचीस. चंपू, आता तू बस, असं बेळगाव येईपर्यंत काही तुझ्या तोंडून निघायचं नाही. काल तुळशीला पाणी घालताना हे उगीचच आठवलं आणि तांब्या हातात तसाच राहिला.

तर साष्टांग नमस्कार. (गुडघे आता वाकत नाहीत, तेव्हा आठांपैकी सहा अंगांचा पोचला असं धर.) रक्तदाब कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना, की बाटली देवाजवळ ठेवून नुसता नमस्कार करतेस? माझी तब्येत बरी आहे. विहिरीला पाणी टिकून आहे, पायरीचं झाड यंदा रुसलं, आणि पुढल्या पडवीत मांजरी व्याली आहे. एवढ्यात माझ्या घरचं सगळं आलं.

गेल्या बुधवारी तू दिवसभर दारात खुर्ची टाकून बसली असशील, हे तुला न्यायला आलेल्या हरिश्चंद्रच्या तारेवरून कळलं. "मावशी पोचल्या नाहीत, कळवा" अशी त्याची तार आली. मी लगेच "सुखरूप पोचले" अशी उलट तार केली. कुठे पोचले ते लिहायचं राहिलं. (तारेत माणूस शब्दांना आखडता हात घेतो, त्यातून हे होतं.) त्यानंतर तुम्ही मायलेकांनी बेळगावच्या स्टँडवर आणि स्टेशनावर मला शोधलंत म्हणे. त्याबद्दल तुझे पाय धरून क्षमा मागते, आणि झालं ते सगळं क्रमानं सांगते, म्हणजे तू रागावलीस तरी नीट रागावशील.

तू भिलईला मुलाकडे कायमची निघालीस, महिनाअखेर बेळगावचं घर रिकामं होणार, हे तुझं पत्र वाचल्यावर मी त्याच संध्याकाळी पिशवी काढली. आमचा धोंडू (मांडवीचा, एस.टी.वर ड्रायव्हर आहे; सातवीत असताना माझ्याकडे इंग्रजीला यायचा आणि सगळी क्रियापदं शेवटी ठेवायचा) म्हणाला, "बाई, सरळ बेळगावची गाडी हाय की. गुरुवारी मीच नेतो. कोल्लापुरात उतरायचा पन नाय." मी म्हटलं, धोंडू, प्रभाताईला भेटायला मी आजवर आगगाडीनंच गेले आहे आणि या खेपेलाही आगगाडीनंच जाणार. आमच्या जिल्ह्यात रूळ नाहीत. येणार, येणार असं ऐकत माझे केस पिकले. ज्यांच्या गावात रेल्वे असते त्यांना तिचं काही वाटत नाही, पण मला अजून इंजिनाची शिट्टी ऐकली की वेणी घालून रिबिनी बांधाव्यात असं वाटतं. तर पहाटेच्या एस.टी.नं कोल्हापूर, तिथून मिरज, आणि मिरजेला आपली लहान गाडी. बरोबर वानोळ्याच्या तीन पिशव्या, कारण मी निघाले हे आळीत कळलं आणि जिला तू कधी पाहिलं नाहीस तीसुद्धा "प्रभाताईंना द्या" म्हणून काहीतरी घेऊन आली.

मिरजेहून चांगली खिडकीची जागा मिळाली. (कुणी मोठं नव्हतं ना बरोबर.) पण तासाभरात गाडी एका लहानशा स्टेशनावर थांबली ती हलेचना. मग निळ्या सदऱ्यातल्या एका गृहस्थांनी डब्याडब्याशी येऊन सांगितलं की पुढे रूळ बदलण्याचं काम चाललं आहे, रस्ता बंद. सर्वांनी उतरावं, स्टेशनाबाहेर रेल्वेनं बसगाड्या ठेवल्या आहेत, त्या पुढल्या स्टेशनावर सोडतील आणि तिथे दुसरी गाडी तयार असेल. बोलणं इतकं गोड होतं, की गैरसोय झाली आहे हे लोकांच्या लक्षात यायला वेळच लागला.

बाहेर आवारात तीन-चार बसगाड्या उभ्या होत्या. शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवल्याप्रमाणे मी ओळीत उभी राहिले. माझ्या पुढे कुणी नव्हतं आणि मागेही कुणी नव्हतं, कारण बाकीचे सगळे खिडक्यांतून आत जात होते. पहिली गाडी भरून गेली. दुसरी गेली. मी अजून ओळीतच. ऊन मी म्हणत होतं, आणि सिस्टर तर केव्हाच देवाघरी गेल्या. तेवढ्यात कडुलिंबाखाली एक रिकामी लाल गाडी दिसली आणि तिच्या अंगावर अक्षरं: रत्नागिरी आगार. ताई, परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं मला. रेल्वेनं आमच्याकडूनही गाडी मागवली याचा अभिमानही वाटला. मी इकडेतिकडे पाहिलं आणि जन्मात केली नाही ती गोष्ट केली: कमरेचा रुमाल काढून खिडकीतून आत सीटवर टाकला. तोच रुमाल, शिवणाच्या तासाला तू माझ्यासाठी भरलेला. त्यावरच्या गुलाबाला सिस्टर "व्हेरी नाइस कॅबेज" म्हणाल्या होत्या. एकदा रुमाल पडला की जागा आपली, मग देव आला तरी उठवू शकत नाही, हा आपल्याकडचा कायदा तुला माहीत आहेच.

मी पिशव्या घेऊन चढले, तोच मागून माणसं आली. फेटे काय, शालू काय, अत्तराचा वास काय! मला वाटलं, या लाइनीवरचे उतारू किती नीटनेटके. एका ठसठशीत बाईंनी (सोनूबाई त्यांचं नाव, ते मागाहून कळलं) माझ्या हातातली पिशवीच घेतली. "या, या, इनबाय! कवापासना वाट बघताव तुमची. गाडी अडाकली ना?" मी म्हटलं, हो ना, रुळांचं काम. "मंग! तरी म्या सांगत होते, येतील म्हनून." रेल्वेनं उशिरा येणाऱ्यांची काळजी घ्यायला खास बाई ठेवली आहे, हे पाहून माझे डोळे भरून आले. मग माझ्या शेजारी एक मुंडावळ्या बांधलेली, रडून नाक लाल झालेली पोर आणून बसवली. गाडी सुटल्यावर बुंदीचे लाडू वाटले. मी मनात म्हटलं, गैरसोयीबद्दल लाडू! सरकार सुधारलं.

आता तुला कळलं असेल, पण मला कळायला कोल्हापूर यावं लागलं. ते लग्नाचं वऱ्हाड होतं. नवरा आमच्या रत्नागिरीचाच, मांडवीचा, नवरी त्या स्टेशनाजवळच्या गावची, नाव गंगा. नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जायची पाठराखीण म्हणून तिची मावशी याच आगगाडीनं यायची होती, म्हणून गाडी स्टेशनाशी थांबवली होती. मुलाकडच्यांनी त्या मावशीला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना हवी होती आगगाडीतून उतरलेली, पिशव्यावाली, पोक्त बाई. आणि ती आपण होऊन रुमाल टाकून आत चढली. माझ्या सोड्यांच्या पिशवीचा वास गाडीभर झाला होता. त्याचंसुद्धा कौतुक चाललं होतं, की बघा, घाटावरची माणसं, पण मुलीच्या सासरची आवड ओळखून वाळवलेली सुंगटं घेऊन आली. (खरी मावशी रेल्वेच्या बसनं पुढे गेली, ते मागाहून कळलं. तुझ्या दारात उतरली नाही, एवढंच.)

तू विचारशील, धोंडू काय करत होता? कारण गाडी त्याचीच. तो समोर चहा पीत होता, आला तो ड्रायव्हरच्या दारानं सरळ आपल्या जागेवर चढला, मागे बघितलंच नाही. कोल्हापुरात डिझेलला थांबला तेव्हा मी खिडकीतून विचारलं, काय हो ड्रायव्हर, बेळगावच्या वाटेवर पंचगंगा कुठून आली? त्यानं वर पाहिलं आणि हातातला फडका खालीच टाकला. "बाई! तुमी लग्नात?" मी म्हटलं, कुणाच्या? मग सगळा उलगडा झाला. बिचारा गडबडून म्हणाला, "बाई, बेळगावची गाडी ती काय बाजूला लागल्ये. रुमाल टाकू तुमचा?"

मी उठणार, तो पदराला ओढ बसली. गंगानं टोक मुठीत धरलं होतं. खालच्या मानेनंच पुटपुटली, "तुमी माजी मावशी न्हाईसा, मला ठावं हाय. चढलासा तवाच कळलं. पर उतरू नगासा. ह्या समद्यांत मी कुनालाच वळखत न्हाई." म्हणजे चार तास ती पोर हे पोटात ठेवून माझ्या खांद्याला टेकून बसली होती. आता सांग, अशा वेळी सिस्टरांनी काय करायला सांगितलं असतं? मी बसले. धोंडूला म्हटलं, चल. खिडकी मी तिला दिली, आंबा घाटात ओकाऱ्या झाल्या तेव्हा आलेपाक दिला, आणि समुद्र केवढा असतो असं तिनं विचारलं तेव्हा खोटं बोलले, की फार काही मोठा नाही.

दारात आम्हा दोघींना ओवाळलं. माझे पाय धुतले, ताई. गेल्या कित्येक वर्षांत माझे पाय कुणी धुतले नव्हते. घरच्या म्हाताऱ्या आजीबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ही झाडगावातल्या बाईसारखी दिसत्ये." मी म्हटलं, मीच ती. सगळी माणसं हसून बेजार झाली. मला खुर्ची दिली, जेवायला वाढलं, आणि खरी मावशी दोन दिवसांनी पोचेपर्यंत मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसत होते. तुझ्यासाठी घेतलेलं कुळथाचं पीठ मात्र त्या गडबडीत रुखवताशेजारी मांडलं गेलं, ते मागायला मला धीर झाला नाही.

असं सगळं झालं. यात दोष द्यायचा तर रुळांना दे. तू भिलईला सुखात राहा, थंडीत कान बांध, आणि तिकडून पत्र टाकत जा. घरच्या लहानमोठ्यांना माझे जे काय लागू असतील ते नमस्कार-आशीर्वाद वाटून दे.

तुझी
चंपू

ता. क. पदराला धरून ठेवलं म्हणून उतरले नाही असं वर लिहिलं आहे. पण तिच्या मुठीत पदराचं एवढंसं टोक होतं, एका बोटानं सुटलं असतं. आणि खरं म्हणजे धोंडूनं दाखवायच्या आधीच मी बेळगावची पाटी वाचली होती. गाडी हातभर अंतरावर उभी होती, खिडकीची जागा रिकामी, आणि रुमाल माझ्या हातात होता. मी तो घडी करून कमरेला खोचला. तुझ्या रिकाम्या घरात बसून, ट्रंका बांधलेल्या बघून, चहा पिऊन, बरं येते हं ताई, असं म्हणायचं माझ्याच्यानं झालं नसतं. म्हणून फिरले.

आणखी ता. क. ती गंगा घर सोडून निघाली तर अख्खं गाव रडलं, आणि बरोबर पाठराखीण द्यायची रीत आहे. तू पासष्टीला घर सोडतेस तर लोक म्हणतात, नशीबवान, मुलाकडे निघाल्या. बरोबर कुणी नाही. तुझ्या पत्रात एक ओळ होती, "तिथे मला कुणाशी बोलावं लागणार नाही, विश्रांती आहे." ती मी पुन्हा पुन्हा वाचली. ताई, तू झोपेतसुद्धा बोलतेस. जायचंच असेल तर मी पाठराखीण होऊन भिलईपर्यंत येते, कितीही ठिकाणी रूळ उखडलेले असोत. पण जायचंच आहे का, हे तुला कुणी विचारलं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारते. माझी मागची खोली रिकामी आहे, तिला पूर्वेची खिडकी आहे, आणि संध्याकाळी बोलायला माणूस मलाही लागतं. हरिश्चंद्र चांगला मुलगा आहे, सुट्टीत पोरांना घेऊन समुद्रावर येईल.

शेवटचं. पिशव्या धोंडूबरोबर गुरुवारच्या गाडीनं पाठवते आहे, हे पत्रही त्याच्याचकडे. सोडे तुझे, सुनेला वास सोसत नसेल तर तिच्यासमोर पुडी सोडू नकोस, तिला आमसुलं दे. फणसपोळी तुझ्या जनीला, इतकी वर्षं तुझी भांडी घासून तिनं तुझी बडबड ऐकली त्याबद्दल. बुंदीचा लाडू गंगाच्या लग्नातला आहे, तो हरिश्चंद्रला दे आणि माझी तार विसर म्हणावं. रुमाल तुझा. धोंडूची गाडी शुक्रवारी सकाळी परत फिरते. सुटायच्या आधी तो आत टाक, खिडकीच्याच जागेवर. खिडकी मी मागणार नाही.