परातीतला समुद्र आणि माझी टाच

२३ जाने., शुक्र.
परात गेली ती गेलीच. मोठी, माझ्या पोळी-भाजी केंद्रातली, कणकेची. सकाळी पीठ मळायला घेते तर जागेवर नाही. शोधून शोधून दमले, तर न्हाणीत! आत खारं पाणी, दोन काळे दगड, दगडांना चिकटलेले पांढरे टोकदार खडे, वर शंख पाठीवर घेऊन हिंडणारे खेकडे. मी म्हटलं, अहो, आज पोळ्या काय ह्यांच्या पाठीवर लाटू? तर हे पालथे पडलेले, डोळा कॅमेऱ्याला. म्हणे, "शू. उघडतायत."
माझ्या घरात मला शू.
शेवटी पातेल्यात कणीक मळली. हात दुखला. गिऱ्हाईक खोळंबलं. ती कंपनीतली पोरं, पोळी-भाजी न्यायला येतात ती, घड्याळ बघत उभी. आणि हे न्हाणीत समुद्र मांडून बसलेत. मला विचारायची पद्धत नाही. बुधवारी अमावस्या, रात्री कॅन घेऊन स्वारगेटला गेले ते आज पहाटे हजर. हरिहरेश्वरचा वास अंगाला.
जोशीकाकू पोळ्या न्यायला आल्या होत्या. "अमावस्येलाच बरं जातात हो तुमचे. लिंबं-बिंबं लागली तर सांगा. आमच्या दारात झाड आहे."
मी म्हटलं, ओहोटी मोठी असते काकू अमावस्येला. पौर्णिमेलाही. दगड उघडे पडतात.
"हो का? बरं बरं." पोळ्या मोजून घेतल्या आणि गेल्या. आता वारज्यात सगळीकडे बोभाटा होणार.

२५ जाने., रवि.
विहारात गेले होते. तिथेही तेच. मिस्टर काय करतात हल्ली? काय सांगू. शंखांचे फोटो काढतात म्हटलं की बायका विषय बदलतात.
कारखान्यात होते तेव्हा सांगायला सोपं होतं. चेकिंगला होते. भिंग लावून पार्ट बघायचे, चरा दिसला की बाजूला. बावीस वर्षं तेच. मग कंपनीने व्हीआरएस दिली, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, झालं. घरी आले आणि दारापाशी खुर्ची टाकून बसले. भिंतीकडे तोंड. दोन वर्षं. भाजी कुठली करू, उत्तर नाही. दिवा लावू का, उत्तर नाही. वर्षा म्हणाली आई, डॉक्टरकडे नेऊ, नेलं. तिथेही उत्तर नाही. मग मी विचारणंच सोडलं. जे असेल ते वाढायचं. घरात माणूस असून मी एकटी बडबडत पोळ्या लाटायचे.
दिवाळीत माळ्यावर ह्यांच्या भावाचा जुना कॅमेरा सापडला. लेन्स काढली, उलटी धरली, डोळ्याला लावली. पहिला शब्द काय, तर "मुंगी."
मग धायरीला शिंदे भाऊजींकडे. त्यांचं लेथ आहे, कारखान्यातले जोडीदार. त्यांच्याकडून कडी करून घेतली. लेन्स उलटी बसवायची कडी, म्हणजे बारीक मोठं दिसतं. तीनदा करून घेतली, अर्धा केस लूज होती म्हणे. त्या कडीबद्दल घरी येऊन इतकं बोलले, इतकं बोलले, माझी कणीक वाळून पापुद्रा धरला. मी उठले नाही.
हे इथेच लिहिते. तोंडावर नाही सांगणार. परात माझी मला पाहिजेच.

२८ जाने., बुध.
आज चुकलं माझं. पण मला काय माहीत.
परातीतलं पाणी निम्म्यावर आलेलं. हे रोल धुवायला टाकायला कर्वेनगरला. दगड उघडे पडलेले, खेकडे कोपऱ्यात. जीवच ना ते. मी नळाचं पाणी ओतलं, मग वाटलं आळणी होईल, म्हणून मूठभर मीठ टाकलं. आमटीला टाकतो तसं. ढवळलं पण.
हे आले, बघितलं. "मीठ टाकलंस? मीठ? अगं पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं! आधीच जास्त झालेलं, त्यात तू आणखी! अक्कल आहे का?"
केवढ्यांदा ओरडले. केंद्रात दोन पोरं उभी होती ती निघून गेली.
मी पण सोडलं नाही. म्हटलं अक्कल असती तर परातीत समुद्र ठेवू दिला असता का? आधी सांगायचं होतं ना! तोंडाला काय कुलूप आहे?
म्हणाले, "होतं."
मी आत गेले. ओट्याला धरून उभी राहिले. दोन वर्षांनी ओरडले.
संध्याकाळी परातीतलं पाणी काढून कॅनमधलं उरलेलं घातलं. दोघं न्हाणीच्या दारात उकिडवी. खडे घट्ट मिटलेले. एकही खेकडा बाहेर नाही. मला रडू येईल की काय असं व्हायला लागलं, त्या किड्यांपायी. मग एका शंखातून एक पाय आला. ह्यांनी माझा दंड धरला. मग दुसरा पाय. मग खड्याचं तोंड उघडलं आणि आतून पिसासारखं काहीतरी बाहेर, आत, बाहेर. पाणी चाळतंय म्हणे, जेवतंय.
म्हटलं चला, आपणही जेवू.

३१ जाने., शनि.
दुपारी केंद्र बंद करून पाय पसरून पडले. डोळा लागतोय तोच पायाशी खुडबुड. उंदीर म्हणून लाथ हाणली, ती कॅमेऱ्याला. हे टाचेपाशी पालथे.
"हलू नकोस."
काय हलू नकोस? बाईच्या टाचेचे फोटो? लाज?
"श्वास पण नको घेऊस. जरा हललं की पुसट येतं."
थंडीत फुटतात माझ्या टाचा. दिवसभर उभं. मेण लावते, तूप लावते, काही उपयोग नाही. त्यात काय बघायचंय म्हटलं. म्हणाले, बघ तर नंतर.
पडून राहिले. माणूस इतक्या जवळून बघतोय म्हटल्यावर झोप कसली येते.

७ फेब्रु., शनि.
पौर्णिमेला खेकडे आणि दगड परत नेऊन ठेवले, ज्या खळग्यातून आणले त्यात. परात मिळाली. तीनदा घासली. वास गेला नाही. नवी आणून देणार म्हणाले. बघू.
फोटो आले. वर्षाने स्टुडिओतून मोठे करून आणलेत. तो खडा म्हणजे डोंगर. शंखाचं तोंड म्हणजे जिन्याची गोल वळणं. आणि एकात पांढरी-करडी जमीन, नुसत्या भेगा, भेगांत सावली. विचारलं हा कुठला खडक? हे हसायला लागले. माझी टाच.
मी मेण लावायचं बंद करू का म्हटलं. वर्षा हसून हसून लोळली. तिच्या हापिसची नवी इमारत झाली हिंजवडीला, भिंती मोकळ्या आहेत, अल्बम नेते म्हणाली. ने म्हटलं.

१५ फेब्रु., रवि.
वर्षाच्या हापिसातल्या मॅडम घरी आल्या. चांगल्या आहेत, चपला बाहेर काढल्या, मांडी घालून बसल्या. फोटो खाली पसरले. हे खाडखाड बोलत होते, ओहोटी काय, उजेड काय. मी चहा घेऊन येतच होते.
मॅडम थांबल्या एका फोटोवर. "सर, हा कुठला बीच?"
ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली. "हरिहरेश्वर."
"किती शांत वाटतं ना! पाणी निघून गेल्यावरची जमीन. हा सगळ्यात मोठा करू. मेन दरवाजासमोर, आत येणाऱ्याला पहिला हाच दिसला पाहिजे."
मी ट्रे ठेवला. पदर पायावर ओढला. चहा घ्या म्हटलं.

१६ फेब्रु., सोम.
भांडण. रीतसर.
मी : खोटं का बोललात?
हे : तोंडून गेलं. टाच म्हटलं असतं तर घेतला असता का?
मी : मग नका देऊ.
हे : अगं, सगळ्यात चांगला निघालाय तो.
वर्षा मधे. "आई, प्लीज इश्यू करू नकोस. कोणाला कळणारे?"
मला कळणारे ना. वीस वर्षं उभी राहून फोडलेली टाच, आणि नाव समुद्राचं. समुद्राने काय केलं त्यात?
बाकीच्या फोटोंखाली खेकड्याचं नाव, शंखाचं नाव, लिहिणारेत सगळ्यांची. खेकड्याला मान आहे इथे.
हे उठले आणि दारापाशी जाऊन खुर्चीत बसले. भिंतीकडे तोंड. वाटलं घालवलं आपणच. एका टाचेपायी.
भाजी चिरत बसले, कान तिकडे. बऱ्याच वेळाने तिकडून आवाज, "मेथी आहे का?"
आहे म्हटलं.
"लसूण जास्त घाल."
हुश्श. डोळे पुसले, कांद्यावर ढकललं. आणि मग राग आला परत, चांगला भरभरून. आता येऊ दे म्हटलं. आता परवडतो.

१९ फेब्रु., गुरु.
उद्या अमावस्या. आज रात्रीच्या गाडीने निघाले. नवी परात आणली, माझ्यासाठी. जुनी कॅनबरोबर पोत्यात बांधली. बांधताना काकू दारात. ह्यांनीच विचारलं, "काकू, लिंबं देताय ना?" काकूंचं तोंड बघण्यासारखं.
मॅडमचा फोन पुढच्या गुरुवारी येणार, खाली काय लिहायचं ते विचारायला. निघताना दारातच सांगितलं ह्यांना. टाच म्हणून सांगायचं, माझं नाव खाली घालायचं, पूर्ण, लग्नाआधीचं नाही, लग्नानंतरचं. नाहीतर तो फोटो घरी. त्यांनी नको म्हटलं तर माझ्या केंद्रात लावीन, पोळ्यांच्या डब्यांवर.
"बघतो," म्हणाले.
बघतो नाही. येत्या बुधवारी केंद्र उघडायच्या आत मला उत्तर पाहिजे. हो किंवा नाही, काहीही चालेल. पण तोंडाने. गप्प बसलेलं चालणार नाही आता.