बोटाला लागणारा जोड

नाकाडोंगरी,
१० नोव्हेंबर २०२४

चि. दामिनीस,
बाबांचा जयभीम आणि भरपूर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आजच्या काळात बापाला पत्र कोण लिहितं, म्हणून तुझ्या खोलीतली खुशबू हसते म्हणे. तिला सांग, चिखल्याच्या खाणीत ड्रिल मशीनशेजारी जन्म काढलेल्या माणसाला फोनमध्ये नुसती गुणगुण ऐकू येते. समोरच्याचे ओठ दिसले तर मला समजतं, नाहीतर कागद बरा. तुझं अक्षर मात्र दिवसेंदिवस डॉक्टरच्या वळणावर चाललं आहे.

आता खरी बातमी. दिवाळीत तू तुझ्या शर्यतीच्या गाडीचा सांगाडा विनोदच्या वर्कशॉपमध्ये ठेवून गेलीस, त्यावरचा पिंजरा तयार झाला. तू बसशील त्या जागेभोवती त्यानं तुझ्या ड्रॉइंगप्रमाणे पाइप वाकवून उभे केले. वेगात गाडी उलटली तरी तुझ्या डोक्याला जमीन लागू नये, अशी सोय. पोरगी ही गाडी पळवणारच असेल तर पिंजरा तिच्या भावाच्याच हातचा पाहिजे, ही तुझ्या आईची अट होती. ती पुरी झाली. गाडीला मात्र ती अजून दुधीच म्हणते, आणि खरं सांगू का, दिसतेही तशीच.

तुमसरचे वासुदेवराव मुद्दाम पाहायला आले होते. त्यांच्या बंगल्याचं गेट विनोदनंच केलेलं. मी त्यांचं बोट धरून सगळ्या पाइपांवरून फिरवलं. एक जोड सापडला असेल तर शपथ. सगळं घासून गुळगुळीत केलेलं, वर पुट्टी आणि झकास लाल रंग. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

जेवण वेळेवर घेत जा. आईचा लोभ तुझ्यावर आहेच, माझाही तिच्या मागे रांगेत उभा आहे.

तुझा,
बाबा


चाकण,
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाबांस,
दामिनीचा आणि खुशबूचाही सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले. वासुदेवरावांचं बोट धरून फिरणारे तुम्ही डोळ्यांपुढे आले. पण पुढची ओळ दोनदा वाचली.

बाबा, जोड घासायचे नव्हते. वेल्डिंगचा जो फुगवटा वर राहतो, त्यातच जोडाची ताकद असते. तो घासून सपाट केला की जोडातलं लोखंडच कमी होतं. गेटला ते चालतं, गेटला फक्त उभं राहायचं असतं. इथं अख्खी गाडी आपटून गडगडली, तर तिचा सगळा भार त्या जोडांवर येणार. शर्यतीच्या आधी गाडी तपासणारे लोक फुगवटाच पाहतात. घासलेला दिसला की गाडी परत पाठवतात, आणि बरोबरच करतात.

मी दादाला फोन केला होता. त्याचं म्हणणं, मग ड्रॉइंगमध्ये का नाही लिहिलं. त्याचं खरं आहे, नव्हतं लिहिलं. जगात कोणी वेल्डिंग करून पुन्हा घासत बसेल, हे ते ड्रॉइंग काढताना माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि आपल्या दादाला तर त्याशिवाय जेवण जात नाही. पुढे काही बोलायच्या आत त्यानं फोन ठेवला. आता तो माझा नंबर उचलत नाही.

मला भीती वाटते, बाबा. उलटण्याची नाही, तेवढं मी धरूनच चालले आहे. पण त्या पिंजऱ्यात बसून मला वेग घेता येणार नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या पिंजऱ्यात बसायचं नाही, असा आईला शब्द दिला आहे. तुम्ही दादाला समजावून सांगा. त्याला कमी लेखायचं नाही, एवढं सांभाळा.

आईच्या हातच्या भाताची आठवण येते. माया आहे तशीच राहू द्या, रागावलात तरी.

तुमची,
दामिनी


नाकाडोंगरी,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. दामिनीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र मी विनोदला मोठ्यानं वाचून दाखवलं. फोनवर तू सांगितलंस तेच त्यात होतं, पण बापाच्या तोंडून ऐकल्यावर त्याचा राग दुप्पट झाला. म्हणाला, लोक माझ्याकडे लांबून येतात ते माझ्या कामात जोड दिसत नाही म्हणून. आता सख्ख्या बहिणीच्या गाडीवर शिकाऊ माणसासारखे उंचवटे ठेवू काय? मी पत्राची घडी घातली. रागातल्या विनोदशी बोलणं आणि माझं फोनवर बोलणं सारखंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझा डबा घेऊन वर्कशॉपला गेलो. खाणीत आमचं काम छताला लाकडी टेके द्यायचं, हे तुला ठाऊक आहे. आमच्या गँगची एक रीत होती. नवा टेका लावला की ज्यानं लावला त्यानं त्याच्याच खाली बसून आपला डबा खायचा, मगच बाकीच्यांनी पुढे सरकायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण डबा उघडल्याशिवाय आमच्यातला कोणी पाऊल टाकत नसे. विनोद हे ऐकतच मोठा झाला.

मी गुडघे धरत धरत त्या पिंजऱ्यात शिरलो आणि तुझ्या जागेवर बसलो. डोक्यावरचा जोड दाखवून त्याला विचारलं, हा घासल्यावर आत लोखंड किती राहिलं? त्यानं वर बोट फिरवून पाहिलं. मग माझ्यासमोर येऊन म्हणाला, रंगाखाली आहे, आता नाही दिसत. मी बरं म्हटलं आणि डब्याचं झाकण काढायला लागलो.

त्यानं माझ्या हातातला डबा काढून घेतला.

"बाबा, बाहेर निंगा. मले कापाचं आहे."

संध्याकाळपर्यंत तो लाल पिंजरा तुकडे होऊन अंगणात पडला होता. एवढी मेहनत मातीत गेली म्हणून तुझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं नाही. आपलं इतकं देखणं काम आपल्याच हातानं कापणारा पोरगा मला आहे, याचाच अभिमान वाटला. हे त्याला अजून बोललो नाही, तूही कळवू नकोस, डोक्यावर बसेल.

काळजी करू नकोस असं लिहिणार होतो, पण काळजी आम्हीही करतोच आहोत, तेव्हा तुझ्या वाटची थोडी कमी कर.

तुझा,
बाबा


नाकाडोंगरी,
२० जानेवारी २०२५

प्रिय दामूस,
दादाचा जयभीम.

मला पत्राची सवय नाही. बाबांनी कागद पुढ्यात ठेवला आणि समोर बसून राहिले, म्हणून लिहितो आहे.

पिंजरा झाला. पाइप नवा आणला, जुन्यातला तुकडाही वापरला नाही. आधी वेगळ्या तुकड्यांवर जोड करून, ते मधून कापून आत पाहिले. जेव्हा आतूनही पटले, तेव्हाच गाडीला हात लावला. सगळे जोड दिसतात. मला ते पाहवत नाहीत. जाता येता हात शिवशिवतो, म्हणून घासायचा ग्राइंडर आईला देऊन टाकला. तिनं तो पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवून कुलूप लावलं आहे. आता वासुदेवरावांच्या जिन्याचं काम अडून राहिलं आणि ती चावी देत नाही.

डबा मी खाल्ला. तुझ्या जागेवर बसून, लाखोरीचं वरण आणि भात. बाबा बाहेर उभे राहून शेवटच्या घासापर्यंत पाहत होते. मग आईलाही आत बसून पाहायचं होतं. ती बसली छान, पण बाहेर काढायला मला आणि बाबांना दोघांनाही जोर लावावा लागला. हे मी लिहिलं असं तिला सांगू नको.

हळू चालव म्हणत नाही, हळू चालवायला तू ती बनवली नाहीस. पट्टे तेवढे आवळून बांध. फोन केलास तर आता उचलीन.

दादा


चाकण,
१७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाबा, आई आणि दादा,
तिघांनाही सविनय जयभीम, वि. वि.

मी सुखरूप आहे, फोनवर आईला सांगितलंच. खांदा काळानिळा झाला आहे, बाकी धडधाकट. पण फोनवर मी जे नीट सांगू शकले नाही, ते बाबांसाठी लिहिते.

शर्यत एका जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर होती. गाडी तपासणाऱ्या गृहस्थांनी टॉर्च घेऊन दादाचा एकेक जोड पाहिला. काम कुठं केलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाकाडोंगरीला, माझ्या दादानं. त्यांना गाव माहीत नव्हतं. गाडीवर पास झाल्याचं स्टिकर लावताना ते गावाचं नाव पुन्हा विचारून घेऊन गेले.

पहिल्या फेरीत आपल्या दुधीनं ताशी दोनशे अकरा किलोमीटर गाठले. दुसऱ्या फेरीत बाजूनं वारा आला, मागचं चाक धावपट्टी सोडून भुसभुशीत मातीत उतरलं आणि गाडी उलटली. किती वेळा गडगडली ते मला माहीत नाही. थांबली तेव्हा मी पट्ट्यांना उलटी लटकत होते आणि धूळ इतकी की स्वतःचा हात दिसेना. वर कुठं, खाली कुठं, काही कळत नव्हतं. बाबा, तेव्हा मी घाबरले.

मी हात लांब केला. हातमोज्यातूनही बोटाला जोड लागला. दादाचा जोड, चांगला उठून आलेला. दिवसभर त्या जोडांवरून हात फिरवत बसले होते, म्हणून तो डोक्याच्या उजवीकडचा आहे हे लगेच समजलं. तिथून पाइप धरत हात पुढच्या जोडापर्यंत नेला, बाहेर पडायची जागा सापडली, मग पट्टा सोडला. खुशबू रडत धावत आली तेव्हा मी माझ्या पायांनी चालत येत होते. नंतर पाहिलं तर एक पाइप वाकला आहे. जोड एकही उघडला नाही.

मला दादाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. हे त्याला वाचून दाखवा, आणि मोठ्यानं वाचा. गाडी आता कामाची राहिली नाही. पिंजरा तेवढा कापून काढून ट्रकनं घरी पाठवते आहे, तो तिथलाच आहे.

तुमची माया माझ्याभोवती अशीच उभी असू द्या.

तुमची,
दामिनी


नाकाडोंगरी,
९ मार्च २०२५

चि. दामिनीस,
जयभीम आणि आमच्या सगळ्यांचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. बोटाला जोड लागला, तिथं आल्यावर विनोदनं मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. वेल्डिंगच्या उजेडानं झाले म्हणाला. त्या दिवशी वीजच नव्हती.

तुझी आई आधी खूप रागावली, गाडीवर, तुझ्यावर, आणि का कोण जाणे माझ्यावरही. पण पिंजरा ट्रकमधून उतरल्यावर तिनं एकेका जोडावर हात ठेवला. ग्राइंडरची चावी तिनं त्याच दिवशी विनोदला दिली.

पुढची गाडी कधी, ते सवडीनं कळव. लोभाचं काय लिहू, तो तू उलटापालटा करून पाहिलास आणि टिकला.

तुझा,
बाबा

ता. क. पिंजरा विनोदनं वर्कशॉपच्या दारातच उभा केला आहे, रंग न लावता. काल वासुदेवराव आले होते. पाहून म्हणाले, हे अर्धवट काम दारात कशाला ठेवलंस, तुझं नाव खराब होईल, निदान जोड तरी घासून घे. विनोदनं त्यांचं बोट धरून त्या वरच्या उजव्या जोडावर ठेवलं. मी समोरच उभा होतो, त्याचे ओठ मला स्वच्छ दिसले.

"याच्यात माही बहीण उलटी झाली, अन् चालत बाहेर आली."