मडगार्डखालचा रुमाल

बदनापूर
९ नोव्हेंबर २०२४

चि. वंदनाबाईस,
दादांचा आशीर्वाद. जावईबापूंना रामराम, लेकरांना पापे.

इकडं सगळं बरं हाये म्हणायचं. तुझी आई आता भिंत धरून न्हाणीपर्यंत जाते. उजवा हात मात्र अजून बिलकुल उचलत न्हाई. भाऊबीजेला तिनं डाव्या हातानं पाट मांडला अन् दुपारपर्यंत दाराकडं बघत बसली. भारत बी जेवला न्हाई.

फियाट हाये तशी हाये. जुन्या गाड्यांच्या क्लबवाले निरोप धाडून राह्यले, येत्या जानेवारीच्या मेळाव्याला या म्हणून. मी काही जात न्हाई. साठ वर्षांची गाडी अन् सत्तरचा मी, दोघांचे सांधे वाजतेत. एका पार्टसाठी हैदराबादला गेल्तो मी एके काळी. आता शेडपर्यंत जायचा कंटाळा येतो.

फोनवर तुझा आवाज आला की मी हवापाणी विचारून ठेवून देतो. म्हणून हे लिहून राह्यलो.

जानेवारीत आई पडली, तवा दवाखान्यात मी तुला सांगितलं, भारतनं इंजिन खोलून ठेवल्तं, गाडी बंद होती, म्हणून उशीर झाला. तू तिथंच त्याला नको नको ते बोललीस. तवापासून त्याला राखी न्हाई, फोन न्हाई.

बाई, ते खोटं होतं. भारतनं आदल्या दिवशीच इंजिन बराबर जोडून दिल्तं. त्या सकाळी मी चालू करून पाहिली, एका चावीत लागली.

दुसऱ्या दिवशी मेळावा होता. तिथं तपासणारे मडगार्डच्या खालून पांढरा रुमाल फिरवतेत. डाग लागला की नंबर गेला. बारा वर्षं मी दुसऱ्या नंबरावर काढली. चार दिवस गाडीखाली पडून, दाताच्या ब्रशनं घासून खालचं सगळं चकचकीत केल्तं. अन् नेमकं त्याच दिवशी घरापुढच्या रस्त्यावर ताजं डांबर टाकलेलं. ते उडालं तर? एवढंच आलं माझ्या डोक्यात. तुझी आई ओसरीवर आडवी, तोंड वाकडं झालेलं, गाडीकडं बघत होती. अन् मी रिक्षाला फोन लावत बसलो. डांबरामुळं रिक्षा बी वळसा घालून आली, पाऊण तासानं. डॉक्टर म्हणाले, जल्दी आणलं असतं तर हात वाचला असता.

मेळाव्याला गाडी गेलीच न्हाई.

तू बोलत होतीस तवा भारत तिथंच उभा होता. मी खोटं बोलून राह्यलो हे त्याला माहीत होतं. त्यानं चकार शब्द काढला न्हाई. दर मंगळवारी गॅरेज बंद ठेवून तोच आईला त्या गाडीतून व्यायामाला नेतो. मला त्याच्या तोंडाकडं बघवत न्हाई गं. लई थकलो मी.

काल त्याला म्हणलं, ताईला सगळं लिहितो. तर म्हणतो, "नका लिहू दादा. माझ्याशी बोलत न्हाई तेवढं पुरे. तुमच्याशी बी बोलायची थांबली, तर आईची खबर तिला कोण देईल?"

मंग मात्र लिहायला बसलो. आता फोन कर. मला न्हाई, त्याला.

ज्याला तू बोलायला पाहिजे होतं तो,
तुझा बाप
कारभारी