झऱ्याचं पाणी न लागलेलं झबलं

प्रिय अझेनोरताईस, धाकट्या गुल्वेनचा नमस्कार.

मी बरा आहे. चर्चच्या दुरुस्तीचं काम चालू आहे, जेवण पोटभर मिळतं. आईचा गुडघा कसा आहे?

तुझं पत्र वाचलं. झऱ्याचं ओलं झबलं अंगावर घालूनही तुझ्या बाळाचा, इवीचा ताप उतरला नाही, आणि तू लिहितेस, "माझीच श्रद्धा कमी पडली असेल." ताई, तुझं काहीच चुकलेलं नाही. त्याचं झबलं मी झऱ्याच्या पाण्यावर सोडलंच नव्हतं.

ते घेऊन मी झऱ्याशी गेलो, तर दुरुस्तीवर देखरेख करणारे पॅरिसचे साहेब तिथेच उभे. "काय रे, हे कुणाचं?" त्यांनी हसून विचारलं. मी म्हणालो, "चिंधी आहे," आणि त्याला चुन्याचे हात पुसले. मग खोलीवरच्या बादलीत धुऊन तुला पाठवलं. वर 'पाण्यावर तरंगलं, पोर जगणार' असंही लिहिलं.

सहाशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी आधी या झऱ्यासाठी कमान सोडली, मग चर्चची भिंत चढवली. त्यांना झऱ्याची लाज वाटली नाही. त्यांचीच भिंत दुरुस्त करणाऱ्या मला वाटली.

आज सगळ्यांदेखत अंगातला सदरा काढून पाण्यावर सोडला. साहेब हसले नाहीत. "केवढं आहे पोर?" एवढंच विचारलं.

सदरा तरंगला का, ते लिहीत नाही. माझ्या शब्दाला आता किंमत कुठे? गाडीवानाच्या हाती ओलाच पाठवतोय. डॉक्टरलाही बोलाव. सदरा इवीला फार मोठा होईल, दोनदा गुंडाळ.

तोंड दाखवायला न धजणारा,
तुझा गुल्वेन